जुनी गाडी परस्पर विकताना पैसे कसे घेतले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आमची २०१६ ची स्विफ्ट विकली. मध्ये एजंट नाही, जुन्या गाड्यांची कंपनी नाही, थेट घेणाऱ्याला. ते पाहून मेहुण्यानेही त्याची कर्जावरची गाडी विकायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. दोन्ही व्यवहारांना आता बरेच महिने झाले. पैसे खात्यात शाबूत आहेत, गाड्या समोरच्यांच्या नावावर झाल्या आहेत, म्हणून आता लिहितोय. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या अनुभवाला फार किंमत नसते, कारण या व्यवहारातलं दुखणं कधी कधी तीन-चार महिन्यांनी वर येतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

माझी पसंती आधीच सांगून टाकतो: घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्या बँकेच्या शाखेत समोर बसून केलेलं आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पाठवायची बँकेची सोय. दोन लाखांपासून पुढच्या रकमेला ते चालतं, वरची मर्यादा नाही. पैसे पाठवणाऱ्याला शाखेत दोन ते पाच लाखांपर्यंत फार तर २४ रुपये ५० पैसे आणि वर जीएसटी लागतो, ज्याला पैसे मिळतात त्याला काहीच नाही. एवढ्या पैशात इतकी निश्चिंती दुसरीकडे मिळत नाही. रक्कम दोन लाखांच्या आत असेल तर एनईएफटी, ही बँकेची तशीच दुसरी सोय. तेही चांगलं आहे, फक्त दर अर्ध्या तासाच्या घाण्यात जातं, त्यामुळे जरा थांबावं लागतं.

सौदा ठरला तीन लाख पंच्याऐंशी हजारांना. घेणारा तासगावकडचा, द्राक्षबाग असलेला, बोलायला मोकळा. गाडी त्याला दसऱ्यालाच दारात हवी होती. पण २०२५ चा दसरा आला २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीही त्याच दिवशी, बँकेला कुलूप. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे हे खरं, पण ते मोबाइलवरून पाठवणाऱ्याला. काउंटरवर फॉर्म भरून पाठवणाऱ्याला शाखेची वेळ पाळावीच लागते. म्हणून पैसे मंगळवारी, ३० सप्टेंबरला, आणि गाडी दसऱ्याला असं ठरलं. मधले दोन दिवस त्याचे पैसे माझ्याकडे आणि गाडीही माझ्याकडे, तेव्हा विश्वास त्याने टाकायचा होता. मी त्याला पैसे मिळाल्याची सही केलेली पावती दिली, त्यात चेसिस आणि इंजिन नंबर घातला, आणि गाडीची दुसरी चावी त्याच्या हातात ठेवली. चावी खिशात गेल्यावर त्याचा चेहरा उजळला. कागदापेक्षा चावीवर माणसाचा विश्वास जास्त असतो.

खरी खडाखडी त्याआधीच झाली होती. त्याचा भाऊ गलाई व्यवसायात, कोईमतूरला. आमच्या भागात विटा, खानापूर, आटपाडी, तासगावकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळे यात नवल काही नाही. घेणारा म्हणाला, निम्मे पैसे भाऊ तिकडून परस्पर तुमच्या खात्यात टाकेल. मी म्हटलं, भावाने तुमच्या खात्यात टाकावेत आणि तुम्ही माझ्या. तो थोडा दुखावला. "भावाचा पैसा काय परका हाय व्हय?" परका नाहीच, पण माझ्याकडे कारण होतं.

माझ्या पुण्याच्या मावसभावाने उन्हाळ्यात त्याची गाडी विकली होती. घेणाऱ्याने बहुतेक रक्कम स्वतःच्या खात्यातून दिली आणि राहिलेले पंचेचाळीस हजार "मित्राच्या" खात्यातून टाकले. पैसे आले, गाडी गेली, सगळे खूश. तीन-चार महिन्यांनी मावसभावाच्या खात्यातले नेमके पंचेचाळीस हजार बँकेने अडकवून ठेवले. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती आणि त्या पैशाचा माग काढत पोलीस मावसभावाच्या खात्यापर्यंत आले होते. तो "मित्र" कोण, घेणाऱ्यालाही नीट सांगता येईना. विक्रीचा करारनामा, आरसीची प्रत, दोघांचं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं पाठवून झालं. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात अर्ज पाठवा. रक्कम मोकळी व्हायला किती काळ गेला, हे विचारलं की तो विषय बदलतो. बरं, रक्कमच अडकली म्हणून ठीक, कित्येकांचं सगळं खातंच गोठवलं जातं.

म्हणून पैसे आले का, या प्रश्नाच्या जोडीला ते कुणाच्या खात्यातून आले, हाही प्रश्न विचारायचा. फॉर्म ३० वर, म्हणजे गाडी नावावर करायच्या आरटीओच्या अर्जावर, घेणारा म्हणून ज्याचं नाव, पाठवणाराही तोच हवा. हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे टोकन. मी पाच हजार यूपीआयने घेतले. आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं की पुढे बोलायचं. टोकनची रक्कम महत्त्वाची नाही, नाव दिसणं महत्त्वाचं.

यूपीआयवर सगळी रक्कम घ्यायच्या फंदात पडू नका. एका माणसाला दिवसाला साधारण एक लाखाच्या वर जात नाही, मग तुकडे होतात, आणि तुकडे झाले की "उरलेले उद्या" सुरू होतं. आयएमपीएसने, म्हणजे मोबाइलवरून खात्यात लगेच पाठवायच्या सोयीने, पाच लाखांपर्यंत जाऊ शकतात, पण खातं नव्याने जोडलं असेल तर बऱ्याच बँका पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. संध्याकाळी सातला घेणारा दारात उभा, बोटाने मोबाइल दाबतोय आणि पैसे जात नाहीत, हा प्रसंग मेहुण्याकडे घडला. माणूस खोटा नव्हता, फक्त खातं आदल्या दिवशी जोडायचं राहिलं होतं. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पाठवणाऱ्याला समोरच्या खातेदाराचं बँकेतलं नाव दिसण्याची सोय आली आहे, त्यामुळे खाते क्रमांकात एखादा आकडा चुकला तर तिथेच लक्षात येतं. चांगली सोय आहे, पूर्वीच हवी होती.

जाहिरात टाकल्यावर पहिल्या दिवशी आलेल्या फोनांपैकी एक "फौजी" होताच. बदली झाली आहे, गाडी न बघता घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरचा हा खेळ चालूच आहे. समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा टिकमार्क किंवा "जमा झाले" असा मेसेज, दोन्ही खोटे बनवता येतात. स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत पैसे आलेले नाहीत असंच धरायचं. आरटीजीएसचा बावीस अक्षरी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाती आला तरी मी शिल्लक बघूनच उठलो. माझे पैसे अर्ध्या तासाच्या आत आले. घेणाऱ्याचं खातं लहान सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर वेळ लागू शकतो, कारण त्या बऱ्याचदा मोठ्या बँकेमार्फत पाठवतात. आणि आम्ही गेलो त्या ३० सप्टेंबरला सहामाही अखेर, काउंटरवर ही गर्दी!

रोख? दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, २०१७ पासून आयकराचा नियम आहे, आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. दीड आज, दीड परवा असे तुकडे केले तरी व्यवहार एकच. दोन लाखांच्या आतली रोख घ्यायचीच असेल तर बँकेच्या काउंटरवर मोजून थेट खात्यात भरून घ्या. चेक ४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच दिवशी वटू लागले असले तरी वटेपर्यंत गाडी देऊ नये. बाउन्स झाला तर १३८ कलम आहे, पण केस कोर्टात आणि गाडी भलत्याच्या दारात. डीडी म्हणजे रोखच, असं आमच्या वडिलांचं मत. खोटे डीडी निघतात, त्यामुळे ज्या शाखेने दिला तिथे जाऊन खात्री करावी लागते. तिथपर्यंत जायचंच असेल तर तिथूनच आरटीजीएस का नको?

मेहुण्याच्या गाडीवर दोन लाखांहून थोडं जास्त कर्ज होतं. आधी कर्जाच्या बँकेकडून फोरक्लोजरचं पत्र, म्हणजे कर्ज मुदतीआधी मिटवायला किती भरायचे ते सांगणारं, घेतलं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आलेले चालतील का, हे विचारून ठेवलं. मग घेणाऱ्याने तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरली आणि उरलेली रक्कम बँकेची एनओसी व फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्यावर मेहुण्याला दिली. एनओसीला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला आणि त्या काळात घेणाऱ्याचे रोज फोन. त्याचं चुकत नव्हतं. पण कर्ज न फेडता "आधी सगळे पैसे द्या, मी भरतो" म्हणणाऱ्याला मी स्वतःही पैसे दिले नसते.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आम्ही शिल्लक बघितल्यावरच केल्या. हे मालकी बदलायचे फॉर्म (एजंटांच्या भाषेत टीटीओ) कोरे सही करून देऊ नका, एजंट कितीही घाई करो. पाचशेच्या स्टॅम्पवर गाडी दिल्याची तारीख आणि वेळही घातली, म्हणजे त्यानंतरचं ई-चलान आपलं नाही हे दाखवता येतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद केला. नोंदणी बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, तेव्हा नाव लवकर बदलणं ही घेणाऱ्यापेक्षा आपली गरज. त्यासाठी मी किमतीवर दहा हजार अनामत घेतली आणि करारात लिहिलं की नाव बदललं की परत. त्याने कुरकुर केली, पण दिली. त्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची राहिली होती, तेवढा वेळ गेला. पुढे नवीन आरसीचा फोटो सकाळी साडेसहाला आला, खाली एकच ओळ: "पैसं टाका."