आठ महिने लिनक्स मिंट, उदगीरच्या ऑनलाईन सेंटरवर

दिवाळी झाल्यावर सेंटरवरच्या दोन मशीनपैकी जुनीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आता जून लागला, म्हणजे आठ महिने होत आले. मी काही इंजिनियर नाही, उदगीरला झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, टायपिंग असलं सगळं करतो. मशीन चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, 240 जीबीची एसएसडी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप अन् इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे चालती मशीन भंगारात घाला. जिवावर आलं राव. पुण्यात शिकणारा भाचा म्हणला, मामा मिंट 22 टाका, फुकट आहे, 2029 पर्यंत अपडेट येतात. टाकलं.

पहिल्याच दिवशी वायफाय दिसेना. ड्रायव्हर पाहिजे तर नेट पाहिजे, नेट पाहिजे तर ड्रायव्हर पाहिजे. मग मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाईलचं नेट मशीनला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं आपणहून कार्ड ओळखलं, इन्स्टॉल, रिस्टार्ट, झालं. दहा मिनिटं.

खरी गंमत लाईटीची. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या यूपीएसची बॅटरी तेव्हा नावालाच होती. एकदा अपडेट चालू असताना लाईट गेली. आल्यावर मशीन चालू झाली पण काहीच इन्स्टॉल होईना. जुनी सवय, हात लगेच फॉर्मॅटच्या पेनड्राईव्हकडं. विंडोजला वर्षातनं दोनदा फॉर्मॅट मारायचोच की. भाच्याला फोन लावला तर तो म्हणला, "मामा, थांबा जरा. फॉर्मॅट मारू नका. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." वाचलं, तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं की डीपीकेजीचं (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम मधीच तुटलंय, 'सुडो डीपीकेजी कॉन्फिगर'वाली कमांड चालवा. अख्खी कमांड तिथंच छापलेली! ती जशीच्या तशी टाकली, अर्धवट राहिलेली पॅकेजं त्यानं पुरी केली, संपलं.

पुढच्या महिन्यात परत लाईट, आणि ह्या वेळी काळा स्क्रीन, त्यावर कंसात इनिट-रॅम-एफएस आणि पुढं लुकलुकणारा कर्सर. पोटात गोळाच आला. पण आता मी आधी वाचलं. वर लिहिलं होतं, एसडीए-टूवरची (डिस्कच्या ज्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, मिंट आहे त्यावरची) फाईल सिस्टिम हातानं एफएससीके करून घ्या, म्हणजे तपासून दुरुस्त करा. एफएससीके, मायनस वाय, पुढं पार्टिशनचं नाव, एंटर. दोन-तीन मिनिटं ओळी पळाल्या, मग एक्झिट टाईप केलं आणि मिंट उघडलं, एकही फाईल गेली नव्हती. त्या आठवड्यात यूपीएसची बॅटरी बदलली, ते आधीच करायला पाहिजे होतं.

तिसरा घोळ माझाच. सोमवार, उत्पन्नाच्या दाखल्याची गर्दी, दहावी-बारावीची पोरं अन् त्यांचे बाप दारापर्यंत, आणि मशीन लॉगिनच होईना. पासवर्ड टाकला की स्क्रीन एकदा चमकायचा आणि परत पासवर्ड मागायचा. कॅप्स लॉक बघितलं, सेंटरवरच्या पोराला ओरडलो की तू पासवर्ड बदलला का, तो बिचारा रडकुंडीला आला. ह्या वेळी वाचायला मेसेजच नव्हता. भाच्यानं सांगितलं, कंट्रोल-अल्ट-एफ थ्री दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन झालं, म्हणजे पासवर्ड बरोबर. मग डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ मायनस एच' कमांड टाकली तर मिंटची पार्टिशन शंभर टक्के भरलेली. जागाच नाही तर लॉगिन झाल्यावर ज्या बारक्या फाईली लिहाव्या लागतात त्या लिहिता येत नाहीत, म्हणून ते बाहेर ढकलायलंय. भरली कशानं? टाईमशिफ्टनं. ते सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागं जाता येईल अशा प्रती ठेवतं, लई कामाचं आहे, पण मी हौसेनं रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे, बूटचे अशा सगळ्याला टिक मारून ठेवलेलं आणि मिंटला दिलेले फक्त 60 जीबी. जुने स्नॅपशॉट तिथूनच डिलीट केले, 'ॲप्ट क्लीन'नं अपडेटच्या उतरवलेल्या फाईली साफ केल्या, आत आलो. आता आठवड्याचे दोनच ठेवतो. पोराला नंतर चहा पाजला.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. पहिले दोन महिने भीतीपोटी विंडोजही ठेवलं होतं, तर मिंटमधून तिकडं गेलं की दुपारी बाराला साडेसहा वाजलेले. मिंट मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. टाईम-डेट-सीटीएलची एक कमांड असते, तिनं मिंटला लोकल वेळ धरायला सांगितलं की मिटतं. 

मराठी टायपिंगला मात्र वेळ द्यावा लागला. जुन्या अर्जांच्या फाईली कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमधल्या, लिब्रेऑफिसमध्ये (मिंटवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्या की नुसती इंग्लिश अक्षरं. फाईल खराब नसते, फॉन्टच नसतो. होम फोल्डरमध्ये '.fonts' नावाचं (आधी टिंब) फोल्डर करून त्यात फॉन्ट टाकला, दिसायला लागलं. पण नवीन सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसेल असंच करायचं ठरवलं आणि आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लावून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलो. महिनाभर बोटं अडखळायची, आता जुन्या टाईपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डपेक्षा बरं वाटतं. 'शेतकऱ्यांचा' लिहिताना नेहमीचा र घेतला की रफार होऊन 'शेतकर्यांचा' होतं, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या अर्जांत तसंच असतं. शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग य, की ऱ्य बरोबर उमटतो. 

प्रिंटरवर मी अजून नाराज आहे. नाव घेत नाही, पण जुना लेझर आहे, बंद केला की स्वतःचं फर्मवेअर (तो चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) विसरतो आणि चालू केल्यावर कॉम्प्युटरनं ते परत भरवावं लागतं. त्यासाठी कंपनीचा प्लगइन (ड्रायव्हरला जोडायचा तुकडा) वेगळा उतरवायचा आणि ड्रायव्हर अपडेट झाला की प्लगइनही त्याच व्हर्जनचा पाहिजे, नाहीतर जॉब जातो, कागद येत नाही. दोनदा झालं. अपडेट आता मी दुकान बंद करताना मारतो, सकाळी कधीच नाही.

आणि अंगठ्याची मशीन. माझ्याकडं जी आहे तिचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा, ते काही मिंटवर जमलं नाही, लई डोकं लावलं. त्यामुळं अंगठ्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या मशीनवर, फॉर्म-टायपिंग-प्रिंट इकडं. फॉर्म भरून झाला की म्हाताऱ्या माणसाला म्हणावं लागतं, बाबा, आता त्या खुर्चीवर बसा.