मक्याने घासलेलं घर: हेवर्डजवळच्या लॉग होम दुरुस्तीवाल्यांबद्दल

मिनियापोलिसहून हेवर्ड साधारण अडीच तासांवर. ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांनी गेल्या काही वर्षांत तिकडे, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, तळ्याकाठी लॉग होम, म्हणजे ओंडके एकावर एक रचून बांधलेली घरं, घेतली. घेऊन वर्ष होत नाही तोच प्रत्येकीचा फोन येतो, "अगं, भिंती काळ्या पडतायत, तू कोणाला बोलावलंस?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांचं नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि गाव लहान आहे. फोन केलात तर सांगेन. काम पाचपैकी साडेचार, दिलेला शब्द पाळणं तीन, आवराआवर दोन.

आमचं घर १९९४ सालचं, पांढऱ्या पाइनच्या गोल ओंडक्यांचं. नैर्ऋत्येची भिंत तळ्याकडे तोंड करून. दलाल हे सांगताना अगदी खूश होता, कारण सूर्यास्त घरबसल्या दिसतो. पण लॉग होमची सगळ्यात आधी वाट लागते ती याच भिंतीची. दुपारचं ऊन थेट, शिवाय तळ्यावरून उलटून येणारं वेगळं. उन्हाने लाकडाचा वरचा थर मरतो, करडा होतो, मग रंग त्याला धरून राहत नाही. आधीच्या मालकाने ओल्या लाकडावरच जाड, चकचकीत स्टेन (लाकडाला लावायचा रंग) मारून घर विकायला काढलं होतं. आम्ही घेतल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे सुटायला लागले आणि आत काळी बुरशी दिसली.

हेवर्ड गावच मुळात लाकडावर उभं राहिलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या गिरणीत पाइनचे ओंडके चिरले जात. ओंडके साठवायच्या जुन्या तळ्यात १९६० पासून दर उन्हाळ्यात लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. तरंगत्या ओंडक्यावर दोघं उभे राहून पायांनी तो गरागरा फिरवतात आणि एकमेकांना पाण्यात पाडतात. अशा गावात लाकडाचं घर सांभाळणारे पैशाला पासरी मिळतील असं कोणालाही वाटेल. मिळतात ते घर रंगवणारे. दोघं आले, अंगणातूनच भिंतीकडे बघितलं आणि आकडा सांगितला. त्यातला एक म्हणाला, प्रेशर वॉशर मारू, दोन दिवस वाळू देऊ, रंग लावू. जोराचं पाणी भेगांतून पार आत घुसतं आणि लाकूड दोन दिवसांत वाळत नाही, एवढं मलाही तोवर कळलं होतं.

तिसरे आले ते बाप-लेक. बाप सत्तरीचा, बोलणं जवळजवळ नाहीच. कामाची सूत्रं लेकीच्या हाती. तिच्याकडे एक हातोडी, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि ओल मोजायचं छोटं यंत्र, बस. ती एकेक ओंडका ठोकत पूर्ण घराला फिरली. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खालून तिसऱ्या ओंडक्यावर आवाज बदलला. तिने तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावलाच नव्हता. यंत्रावर तिथे ३१ टक्के ओल दाखवत होतं, बाकी भिंतीवर १३-१४. "हा आकडा १९ च्या खाली आल्याशिवाय मी रंगाचा डबा उघडत नाही," ती म्हणाली. मग तिने वर बोट दाखवलं. पन्हळीचा खाली येणारा पाइप कोपरातून निसटला होता. छपराचं सगळं पाणी डेकच्या फळ्यांवर आपटून त्याच ओंडक्यावर उडत होतं, कोण जाणे किती वर्षं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई चिपळूणहून आल्या होत्या. लाकडाचं घर म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "वाळवी नाही लागत?" इतक्या उत्तरेला, इतक्या थंडीत वाळवीचा त्रास जवळजवळ नसतो, पण सुतारमुंग्यांचा असतो. त्या लाकूड खात नाहीत, ओल्या लाकडात पोखरून घर करतात आणि कोरलेला भुसा बाहेर टाकतात. त्याच कोपऱ्यातल्या खिडकीखाली पडलेली भुशाची बारीकशी रास सगळ्यात आधी सासूबाईंनीच पाहिली होती. त्यांनी ती झाडून टाकली होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. हे ऐकल्यावर त्या मुलीने मला सोडून त्यांनाच जागा दाखवायला सांगितली. नंतर पूर्ण काम होईपर्यंत ती काय करतेय ते सासूबाईंना समजावून सांगायची, इंग्रजीत, आणि त्या मराठीत उत्तर द्यायच्या. दोघींचं काही अडलं नाही. "म्हणजे आपल्याकडे कौलं शाकारतात तसंच की हे," असा निकाल सासूबाईंनी दिला.

आता मुख्य काम. जुना स्टेन काढायला यांनी पाणी वापरलंच नाही. दाणे काढल्यावर कणसाचा जो दांडा उरतो तो वाळवून, भरडून त्याचा रवाळ चुरा करतात आणि कॉम्प्रेसरच्या हवेने भिंतीवर मारतात. याला कॉर्न कॉब ब्लास्टिंग म्हणतात. मी दोन तास खुर्ची टाकून बघत बसले होते. काळपट तपकिरी भिंतीवरून नळी फिरत जाते आणि तिच्यामागे लोण्याच्या रंगाचं, तीस वर्षांपूर्वीचं लाकूड उघडं पडत जातं. गाठी, तासणीच्या खुणा, सगळं. वाळू मारली तर लाकूड खरवडून निघतं, हे मऊ असल्यामुळे फक्त मेलेला थर जातो. पृष्ठभागावर थोडी लव उभी राहते, ती नंतर नायलॉनच्या ब्रशने काढावी लागते. ते त्यांनी नीट केलं, हात फिरवून बघितलं मी.

चुरा मक्याचा असला तरी त्यात जुना रंग मिसळलेला असतो. तो तळ्यात जाऊन चालत नाही. विस्कॉन्सिनमध्ये नवं घर पाण्याच्या रेषेपासून ७५ फूट मागे बांधावं लागतं आणि काठाचा ३५ फुटांचा पट्टा झाडाझुडपांचा राखायचा असतो. आमच्या तळ्यावरची जुनी मंडळी या पट्ट्याबाबत फार कडक आहेत. या लोकांनी भिंतीपासून झुडपांपर्यंत ताडपत्र्या अंथरल्या आणि रोज संध्याकाळी चुरा गोळा करून नेला. बाहेरच्या आवराआवरीला पैकीच्या पैकी.

आतल्या आवराआवरीचे मात्र गुण मी कापलेत. ओंडक्यांच्या मधल्या फटींतून हा चुरा आत येतो, हे त्यांना माहीत होतं. आतून प्लास्टिक लावू असं म्हणालेही होते. लावलं फक्त बैठकीच्या खोलीत. स्वयंपाकघरात पिवळसर धूळ कपाटांमागे, पडद्यांत, आणि झाकण घट्ट बसत नसलेल्या मिसळणाच्या डब्यात. हळद कुठली आणि मका कुठला ते कळेना, सगळी फेकली. सांगितल्यावर तिने माफी मागितली, एक माणूस व्हॅक्युम घेऊन पाठवला. तो अर्ध्या तासात गेला. तुम्ही बोलावणार असाल तर आतून स्वतः प्लास्टिक लावा, टेप लावा, डबे गाडीत ठेवा.

कुजलेला ओंडका पूर्ण काढला नाही. बाहेरची अर्धी जाडी कापून काढली, आतल्या लाकडावर बोरेट मारलं आणि तेवढ्याच गोलाईचा नवा अर्धा ओंडका बसवला. ही कारागिरी बापाची. तो करवत चालवत असताना आम्ही सगळे गप्प उभे होतो. सांधा कुठे आहे ते आज मला दाखवावं लागतं. बोरेट हे टाकणखाराच्या जातीचं मीठ, पाण्यात विरघळून ओलीबरोबर लाकडात शिरतं. बुरशी आणि मुंग्या दोन्हींवर लागू पडतं, पण पावसाने धुऊनही जातं. म्हणून त्यावर स्टेन लवकर चढायला हवा. इथे पावसाने खोडा घातला. ते तीन आठवडे गायब झाले आणि एकदाही फोन केला नाही. लाकूड वाळू देणं बरोबरच होतं, पण उघडी भिंत ताडपत्रीखाली आणि आमचे फोन थेट व्हॉइसमेलवर, हे बरोबर नव्हतं. शब्द पाळण्यातले दोन गुण तिथे गेले.

परत आल्यावर काम पुन्हा चोख. तापलेल्या लाकडावर स्टेन लावला तर तो आत मुरायच्या आधी वर सुकतो. म्हणून नैर्ऋत्येची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर, सावली सरकेल तशी माणसं सरकत होती. रंगाचे दोन हात आणि वर एक पारदर्शक थर. ऊन खायचं काम या वरच्या थराचं. तो दर दोन-तीन वर्षांनी नव्याने दिला तर खालचा रंग टिकतो, न दिला तर पुन्हा मक्यापासून सुरुवात. उत्तरेच्या भिंतीला यातलं काहीच लागलं नाही. तिथे नुसतं धुतलं.

ओंडक्यांच्या मधल्या पट्ट्याला चिंकिंग म्हणतात. पूर्वी चुना-सिमेंट भरत, ते लाकूड फुगलं-आकसलं की तडकायचं. आता रबरासारखं ताणलं जाणारं सिंथेटिक मिळतं. आधी फटीत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवतात. चिंकिंगने वरच्या आणि खालच्या ओंडक्याला तेवढं चिकटावं, मागे चिकटू नये, म्हणून ती दोरी. तिन्हीकडे चिकटलं तर ताण पडला की फाटतं. मग पिशवीतून पट्टा सोडायचा, पाण्याचा फवारा मारायचा आणि छोट्या थापीने एका हाताने ओढत न्यायचं. काम सुबक, पण पूर्वेकडे जुन्या पट्ट्याला जोडलेला नवा रंग चक्क वेगळा. जुना मळकट वाळूचा, नवा पांढराफटक. दाराजवळचा तुकडा त्यांनी बदलून दिला. धुराड्यामागचा "कालांतराने जुळेल" म्हणून तसाच ठेवला. अजून जुळलेला नाही.

एकूण १७,४०० डॉलर झाले, दोन भिंती, तो ओंडका, चिंकिंगची दुरुस्ती आणि पन्हळ धरून. नवऱ्याने बिल दोनदा वाचलं. त्यात पन्हळीचा पाइप बसवायचे एकशे साठ होते. तो वेळेवर कोणी बसवला असता तर ओंडका, बोरेट आणि मुंग्या हे तिन्ही टळलं असतं. म्हणून घर घ्यायला जाल तेव्हा पावसात जा. वळचणीखाली उभं राहा, पागोळ्या कुठे पडतायत ते बघा.

भेगा भरायचं काम मात्र पैसे देऊन करून घेऊ नका. ओंडक्याला लांबीच्या दिशेने भेगा पडणारच, त्याने मजबुती जात नाही. गोलाईच्या वरच्या अर्ध्यात, आकाशाकडे तोंड केलेली आणि पाव इंचाहून रुंद असेल तेवढीच भरायची. खालच्या बाजूच्या भेगेत पाणी साठत नाही, तिला हात लावू नका. बॅकर रॉड, कॉकची (फटी भरायच्या लगद्याची) नळी, ओलं बोट, झालं. माझ्या लेकाने आणि मी मिळून केलं, रेडिओवर ब्रुअर्सची बेसबॉल मॅच लावून. वसंतात बागेच्या पाइपाने आणि मऊ ब्रशने परागकण धुवायचे आणि भिंतीवर पाणी उडवून बघायचं. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर निश्चिंत. लाकूड पाणी पिऊन काळपट झालं तर वरचा थर द्यायची वेळ आलीय.

काम चालू असताना तिथे राहायचं की नाही, हेही विचारतात. राहा, पण डेक विसरा. कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो. त्यांनी चार जुलैच्या सुट्टीत काम बंद ठेवलं आणि एरवीही पाचच्या ठोक्याला मशीन बंद करायचे. नाहीतर समोरच्या काठावरच्या आजोबांनी आमच्याशी बोलणं टाकलं असतं. आजोबा आठवडाभर मस्की नावाचा मोठा शिकारी मासा धरायला बसतात आणि मिळालाच तर सोडून देतात. दुपारी आम्ही घर बाप-लेकीच्या हवाली करून पाँटून (सपाट तळाची बोट) काढायचो, नाहीतर गावात. गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या संग्रहालयात १४३ फूट लांब मस्की आहे, फायबरग्लासचा. त्याच्या पोटात शिरून जबड्यात उभं राहता येतं. आमच्या शुद्ध शाकाहारी सासूबाई तिथल्या दातांमधून खाली हात हलवतायत, हा फोटो चिपळूणला सगळ्यांनी पाहून झालाय. शुक्रवारी सपर क्लबमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या पद्धतीच्या हॉटेलात, फिश फ्राय असतो, त्यांच्यासाठी तिथे बटाट्याची धिरडी मिळाली. सोबत सफरचंदाचा गोड लगदा देतात, तो त्यांनी बाजूला सारून बॅगेतलं लिंबाचं लोणचं काढलं.

बोलवायचं असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका, त्यांच्या तारखा बर्फ वितळायच्या आधीच भरतात. जानेवारीत फोन करा. फेब्रुवारीच्या शेवटी करू नका. केबल गावाहून हेवर्डपर्यंत बर्कबाइनरची स्की शर्यत असते, पन्नास किलोमीटरची, आणि ती मुलगी त्यात धावते. तो आठवडाभर तिचा फोन बंद असतो आणि बाप उचलून नुसतं "हं" म्हणतो.