केळवणाला भांड्यांचा डेमो: कढई घ्या, सेट नको

केळवणाला जमलेल्या बायकांसमोर विक्रेत्या ताईंनी ट्रायप्लाय (तीन थरांच्या) स्टीलच्या भांड्यांत स्वयंपाक करून दाखवायचा, ऑर्डरी घ्यायच्या आणि जेवढी विक्री होईल त्या मानाने घरच्या बाईला एखादं भांडं भेट द्यायचं, असा हा प्रकार. भांडी चांगली असतात. डेमो मात्र डोळे उघडे ठेवून बघावा.

पहिला खेळ बिनपाण्याच्या भाजीचा. कढई दोन तृतीयांश भरेल एवढा कोबी किंवा चिकन, वर झाकण, गॅस मध्यम. पाच-सात मिनिटांत झाकणाच्या कडेने वाफ फुटली की गॅस अगदी बारीक, आणि मग झाकणाला हात लावायचा नाही. छान शिजतं, खोटं कशाला बोला! पण कोबी, दुधी, चिकन यांना अंगचंच पाणी सुटतं. ताईंना गवार नाहीतर सुरण करायला सांगा. कढई अर्धीच भरली तरी तळ लागतो, कारण पुरेशी वाफ धरण्याआधीच मसाला करपतो. काळ्या वाटाण्यांना तर रात्रभर भिजवून कुकरच हवा.

दुसरा खेळ खाण्याच्या सोड्याचा. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या भांड्यात सोड्याचं पाणी उकळून चव घ्यायला लावतात. सोड्याची अ‍ॅल्युमिनियमवर क्रिया होते, म्हणून ते पाणी कडवट लागतं. पण सोड्याच्या पाण्यात आमटी कोण करतं? कोकमाचं आगळ किंवा माशाचं तिखलं अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवू नये, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. शिवाय ताईंच्या कढईच्या पोटातही, दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये, अ‍ॅल्युमिनियमच असतं. उष्णता सारखी पसरते ती त्याच्यामुळे.

ती कशी पसरते हे बघायला उकड करून मागा. वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकळी आली की वाटीभर मोदकाची पिठी घालून ढवळायचं आणि बारीक गॅसवर झाकण. पातळ पातेल्यात नेमकी इथेच खाली खरपुडी धरते. ट्रायप्लायमध्ये उकड कडा सोडून गोळा होऊन येते. घावन मात्र त्यात घालू नका, चिकटतील. त्याला बिडाचाच तवा. मासे तळायचे तर तापलेल्या भांड्यात पाण्याचा थेंब टाका. चर्र करून आटला तर अजून तापू द्या, पाऱ्याच्या गोळीसारखा पळू लागला की आच थोडी कमी करून तेल सोडा.

डेमोसाठी 2000 वॅटची इंडक्शन शेगडी आणली असेल तर ती 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू देऊ नका, सॉकेट वितळतो. 16 अँपिअरचा प्लग हवा. गॅस पडवीत मांडला तर वाऱ्याने ज्योत हलते आणि भाजी एका बाजूला कच्ची राहते. बारा-पंधरा बायका पुरेत, मागच्यांना कढईत काही दिसतच नाही. आणि केळवणाचं जेवण डेमोच्या भरवशावर ठेवू नका, तिथे चवीपुरतंच होतं.

आहेराला वर्गणी काढून सात-आठ नगांचा सेट घेण्यापेक्षा 24 सेंटिमीटरची कढई आणि एक सॉसपॅन द्या, नवरीला रोज तेवढंच लागतं. 2021 च्या थेट विक्री नियमांप्रमाणे प्रतिनिधीने आधी वेळ ठरवून, ओळखपत्र घेऊनच घरी यायचं असतं. परत करणं, बदलून घेणं आणि गॅरंटी यांच्या अटीही सांगायच्या असतात. त्या पावतीवर लिहून घ्या. झाकण किमतीत धरलंय का, तेही तेव्हाच विचारा.