"हात लावू नका, स्टॅटिक बसेल": स्टोरेज सर्व्हरच्या नावाखाली 2,41,900 रुपयांचा गंडा

2,41,900 रुपये. आकडा पहिल्याच ओळीत टाकतोय, कारण पुढे वाचताना "असं कोण फसतं?" म्हणणारे निघतीलच. मी लॉटरीच्या मेसेजला भुललो नाही, ओटीपी दिला नाही, कुठली लिंक दाबली नाही. माणूस बोलला, माल दारात आला, रॅकमध्ये चढला, हिरवे दिवे लागले. तरी लुटलो गेलो.

बेळगावच्या शहापुरात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. फोर-के आल्यापासून एकेका लग्नाचा डेटा टेराबाइटच्या घरात जातो, त्यात प्री-वेडिंग वेगळं. कपाटात पोर्टेबल डिस्कचा ढीग साचला होता आणि कुठल्या डिस्कवर कुणाची हळद, हे शोधण्यात अर्धी सकाळ जायची. दोन्ही एडिटिंग मशीन एकाच स्टोरेजवरून चालावीत एवढीच गरज होती. नव्या कंपनीमालाचं कोटेशन चार लाखांच्या वर गेलं. मग आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एक नंबर आला. सीमेपलीकडचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला, टू-यू (रॅकमधल्या दोन यू उंचीचा) सर्व्हर, बारा डिस्कची जागा, वर बसवून देणार.

"जुना आहे तो निस्ता डबा, दादा. डिस्क सगळ्या कोऱ्या. डेटा डिस्कवर असतोय, डब्यावर न्हवं," असं तो म्हणाला. यात चूक काय होतं? आजही मला ते बरोबरच वाटतं. डबा जुना चालतो, डिस्क नव्या हव्यात.

त्याने दिलेला हिशेब असा. सर्व्हर 62,000. आठ टेराबाइटच्या आठ "नव्या" डिस्क, 16,500 प्रमाणे 1,32,000. सर्व्हर रॅकमध्ये सरकवायचे रेल 6,500. बसवणी 4,500. झाले 2,05,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 36,900. निम्मे म्हणजे 1,20,950 आगाऊ एनईएफटीने, उरलेले माल चालू झाल्यावर. नातेवाईक आता "स्वस्ताच्या मागे लागलास" म्हणतात. स्वस्त कुठे होतं? डिस्कचा भाव बाजारापेक्षा फार तर दोन-तीन हजारांनी कमी. शंका यावी एवढाही नाही, हीच तर त्याची हुशारी.

माल टेम्पोतून आला, सोबत एकच पोरगा. भरलेला टू-यू सर्व्हर तीस किलोच्या आसपास जातो. तो दोघांनी उचलायचा, त्याआधी डिस्कचे ट्रे क्रमांक घालून बाहेर काढायचे, मग रिकामा डबा रेलवर चढवायचा. आठ डिस्क काढल्या की पाच किलोच्या वर भार कमी होतो आणि डिस्कला धक्काही बसत नाही. पुढच्या बाजूला जे दोन कान असतात ते रेलवरून ओढण्यासाठी, उचलण्यासाठी नव्हेत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी पोराने एक कान धरला, दुसरा माझ्या धाकट्या भावाला धरायला लावला आणि डिस्कसकट उचलला.

आता तो क्षण, ज्याने अजून झोप लागत नाही. नवी डिस्क सीलबंद अँटिस्टॅटिक पिशवीत येते, हे मला माहीत होतं, पोर्टेबल नसलेल्या डिस्कही मी विकत घेतल्या आहेत. इथे आठही डिस्क आधीच ट्रेमध्ये ठोकून आल्या होत्या. पिशव्या नाहीत, खोकी नाहीत. मी म्हटलं, पिशव्या कुठायत? म्हणे टेस्टिंग करून आणलंय. मी एका ट्रेची कळ दाबली, ट्रे दोन बोटं बाहेर आला, स्क्रूची डोकी झिजलेली दिसली. आणि पोरगा ओरडला, "साहेब, हात लावू नका! स्टॅटिक बसेल, डिस्क मरेल, वॉरंटी जाईल!"

मी हात काढला.

का काढला? कारण तो जे बोलला ते खोटं नव्हतं. सुमारे तीन हजार व्होल्टच्या आतला स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण त्याहून कितीतरी कमी व्होल्टला चिप जाते. मेमरी कार्डं आणि कॅमेरे सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच मी थांबलो, आणि त्याला तेच हवं होतं. त्याच्या स्वतःच्या मनगटाला स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा नव्हता, पाय जाजमावर, अंगात टेरिकॉटचा शर्ट. सगळे नियम मला, त्याला एकही नाही. लिहून ठेवा: नियमाचं नाव घेऊन तुम्हाला मालापासून लांब ठेवणारा माणूस स्वतः ते नियम पाळतोय का, एवढंच बघा. पाळत नसेल तर टेम्पो तसाच परत पाठवा. पट्टा हवा तर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तुम्ही घाला आणि प्रत्येक डिस्क हातात घेऊन बघा.

पुढची बसवणी म्हणजे तमाशा. रेल आलेच नाहीत. "कंपनीचे रेल मागाहून पाठवतो" म्हणत त्याने लोखंडी एल-पट्ट्या लावल्या. माझा रॅक कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरसाठी घेतलेला, खोली 600 मिलिमीटर. सर्व्हर त्याहून लांब. रॅकची रुंदी 19 इंच सगळीकडे सारखीच असते, म्हणून बसेलच असं आपल्याला वाटतं. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, तेवढं मोजून आपण समाधानी. खोली कुणी मोजत नाही, आणि सर्व्हरचे रॅक सहसा हजार मिलिमीटर किंवा त्याहून खोल असतात. परिणाम, मागचं दार लागेना, सर्व्हरचा मागचा भाग हवेत, सगळा भार पुढच्या चार केज नटांवर (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे नट). त्यात त्याने तो वरच्या खणात चढवला. जड वस्तू तळाशी हवी, रॅकचे पाय बाहेर काढलेले हवेत, एका वेळी एकच मशीन बाहेर ओढायचं. नाहीतर रॅक पुढे कलतो आणि खाली कोण उभा आहे हे तो विचारत नाही. दोन पॉवर सप्लाय असतात ते एक गेला तर दुसरा असावा म्हणून. यूपीएस एकालाच पुरत असेल तर निदान दुसरा वेगळ्या लाइनवर हवा. पोराने दोन्ही एकाच स्पाइक बस्टरमध्ये खुपसले. आणि कळस म्हणजे मशीन चालू करून, डिस्क फिरत असताना, तळहाताने ढकलून आत सरकवलं.

दिवे हिरवे. मी उरलेले 1,20,950 दिले.

डिस्क रेड-5 मध्ये लावल्या होत्या. रेड म्हणजे अनेक डिस्क अशा एकत्र जोडायच्या की एखादी गेली तरी डेटा राहावा. "जागा जास्त मिळते." खरंय, आठांपैकी सातांची जागा मिळते. पण रेड-5 एकच डिस्क गेलेली सोसतो. एवढ्या मोठ्या डिस्क असतील तर रेड-6 लावा, दोन गेल्या तरी डेटा राहतो. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य मला आता सगळे ऐकवतात, जणू मला माहीत नव्हतं. जुन्या कामांचा बॅकअप होताच. नव्या कामांचा त्याच आठवड्यात घ्यायचा होता, पण लगीनसराईत कुणाला कधी सवड झालीये?

फाल्गुनात एक डिस्क गेली. नवी घालून रिबिल्ड लावलं. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्क सलग तासन्‌तास पूर्ण वाचल्या जातात, आणि म्हाताऱ्या डिस्क नेमक्या तेव्हाच माना टाकतात. दुसरीही गेली. दोन लग्नं साफ. कार्डं तोवर पुढच्या कामांना वापरून झाली होती. एका घराला 85,000 परत दिले, दुसऱ्याला 60,000. त्या मुलीच्या आईने पैसे मोजूनही घेतले नाहीत, नुसती बघत राहिली. पुण्यातल्या रिकव्हरीवाल्याने 1,10,000 सांगितले, तेही "मिळेलच असं नाही" म्हणून.

होळीला भाचा आला होता, तो पुण्यात डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. उरलेल्या सहा डिस्क त्याने लॅपटॉपला लावल्या. "मामा, हे बघ. स्मार्ट रिपोर्टमध्ये 2,688 तास." स्मार्ट म्हणजे डिस्क किती चालली याची तिने स्वतःच ठेवलेली नोंद. बरोबर, बसवल्यापासून साधारण तेवढेच होतात. मग त्याने फार्म नावाची दुसरी नोंद काढली. ती डिस्कच्या आत वेगळी राहते आणि स्मार्टचा आकडा पुसणाऱ्यांच्या हातून बऱ्याचदा तशीच सुटते. तिथे 30,912. म्हणजे माझ्याकडे येण्याआधी 28,224 तास, सव्वातीन वर्षं दिवसरात्र चाललेली डिस्क मला कोरी म्हणून विकली होती. बाकीच्या पाचही त्याच माळेतल्या.

हा उद्योग जगभर चालतो. 2025 च्या जानेवारीत युरोपात सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या वापरलेल्या डिस्क अशाच आकडा शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. चिया नावाच्या क्रिप्टो नाण्याच्या मायनिंगमध्ये झिजवलेल्या डिस्क असाव्यात असा संशय होता. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स हे फुकटचं सॉफ्टवेअर 7.4 किंवा नंतरचं घ्या आणि पैसे देण्याआधी फार्मचे तास स्मार्टशी ताडून बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली की चर्चा संपली. कुठल्याही कंपनीची असो, सीरियल नंबर तिच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी बघा. माझ्या डिस्कना "मूळ मशीन बनवणाऱ्याकडे जा" असं उत्तर आलं, म्हणजे त्या सुट्या विकायच्या डिस्कच नव्हत्या.

आता सरकारी पाहुणचार. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. "वस्तू मिळाली ना? चालू झाली ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर." मी तास दाखवले, स्क्रीनशॉट दाखवले. साहेबांनी स्क्रीनशॉटकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पंचांग दाखवतोय. अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नड मी बोलतो, गिऱ्हाईक सांभाळतो, पण "डिस्कच्या सोनेरी टोकांवर ओरखडे होते" हे कन्नडमध्ये लिहायला माणूस गाठावा लागला, त्याचे 500. अर्ज नेला तर "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. पुन्हा गेलो तर विकणारा महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो तर माल बेळगावात उतरला, तिकडे जा. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, माझा अर्जही त्याच रांगेत लावून द्या म्हणालो, तर हसले. निदान हसले तरी.

हद्द सांगून कुणी परत पाठवत असेल तर गप बसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. फसवून माल किंवा पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेचं 318(4), सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र. मी हे कागदावर छापून नेलं तेव्हा कुठे पोच मिळाली. पोच, बरं का, एफआयआर नव्हे. सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन केला होता. ती हेल्पलाइन खात्यातले पैसे अडवायला पहिल्या काही तासांत उपयोगी, महिन्यांनी काय अडवणार!

ग्राहक तक्रारीसाठी एका कचेरीत गेलो तर समोरच्याने मान वर न करता सांगितलं, "व्यावसायिक खरेदी, तुम्ही ग्राहक नाही." अर्धवट ज्ञान! 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. शिवाय आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार आता दाखल केलीय. तारीख पडलीय. पुढची पडेल.

आणि बिल. ते आमच्या अकाउंटंटने दोन सेकंदांत पकडलं. जीएसटी नंबर 27 ने सुरू, म्हणजे महाराष्ट्र. मी 29, कर्नाटक. दोन राज्यांतल्या व्यवहाराला आयजीएसटी लागतो. या महाभागाने सीजीएसटी 18,450 आणि एसजीएसटी 18,450 लावले होते. पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. म्हणजे 36,900 सरकारला गेलेच नाहीत, भरलेल्या कराचं माझं क्रेडिटही बुडालं. सीमेवर धंदा करणाऱ्या आपल्या लोकांनी तरी हे दोन आकडे आधी बघावेत. नंबर शोधायला लॉगिनही लागत नाही. मी बघितले नाहीत, कारण बिल माझ्या हातात पैसे दिल्यावर आलं. बिल आधी मागा. प्रोफॉर्मा नव्हे, बिल.

परवा भावाने त्याची नवी जाहिरात दाखवली. नंबर बदललाय, फोटो तेच, "कोऱ्या डिस्क, बसवून मिळेल" हेही तेच. आता निपाणी-चिकोडीकडे फिरतोय म्हणे. तिकडे कुणाला फोन आला तर आधी रेलचा फोटो मागा, मग डिस्कचे सीरियल नंबर. दोन्हींपैकी एकही तो पाठवणार नाही.