दिवा लावायला टेलिग्राम, सिग्नल की मॅट्रिक्स?

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला रिले (विजेने चालणारा स्विच) जोडला, पायथन भाषेतल्या प्रोग्रामच्या चार ओळींनी दिवा लागला आणि विझला, की फोनवरून हुकूम सोडायची हौस येतेच. त्यासाठी चॅट सोयीचं पडतं, कारण निरोप आणायला हा पाय स्वतःच चॅटच्या सर्व्हरकडे जातो. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून ठेवावं लागत नाही. अडतं ते कुठलं चॅट निवडायचं इथे. बहुतेक जण विचारतात, 'जास्त सुरक्षित कोणतं?' मी आधी दुसरं विचारतो: उद्या कुणी त्या पायचं मेमरी कार्ड काढून नेलं, तर माझं काय काय जाईल?

टेलिग्रामवर बॉटची, म्हणजे प्रोग्रामने चालणाऱ्या खात्याची, सोय 2015 पासून आहे. बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटशी दोन-चार निरोपांची देवाणघेवाण केली की टोकन (बॉट चालवायची गुप्त किल्ली) हातात पडतं. बॉटसाठी वेगळा फोन नंबर लागत नाही. पायथनच्या लायब्ररी (तयार प्रोग्रामसंच) आहेत आणि 512 एमबी मेमरीच्या पाय झीरोवरही काम चालतं. उणीव उघड आहे. बॉटशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं) नसतं, तशी सोय देणारं सीक्रेट चॅट बॉटला मिळतच नाही. निरोप वाटेत झाकलेला असतो, पण टेलिग्रामच्या सर्व्हरला तो वाचता येतो. 'दिवा लाव' वाचून कुणाला काय मिळणार, असं वाटेल. पण रोजच्या वेळा जुळवल्या की घरात माणूस कधी असतो ते कळतं.

त्याहून मोठं भोक आपणच ठेवतो. बॉट कुणालाही नावाने सापडतो आणि कुणीही त्याला निरोप पाठवू शकतो. निरोप पाठवणाऱ्याचा आकडी आयडी तपासल्याशिवाय रिलेला हात लावायचा नाही, ही अट प्रोग्राममध्ये सगळ्यात वर हवी. कित्येक नमुना प्रोग्रामांत नेमकी तीच नसते.

सिग्नलची तऱ्हा उलटी. एन्क्रिप्शन पक्कं, पण बॉटसाठी अधिकृत दार नाही. सिग्नल-सीएलआय नावाचा बाहेरच्यांनी लिहिलेला प्रोग्राम वापरावा लागतो. तो जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो, छोट्या पायवर जड जातो. प्रत्येक निरोपाला नव्याने सुरू केला तर दिवा लागेपर्यंत माणूस उठून बटण दाबून येईल. म्हणून तो डेमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) करून सतत चालू ठेवायचा. त्याची मूळ लायब्ररी पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी वेगळी मिळवावी किंवा बांधावी लागते, आणि सर्व्हर बदलत राहत असल्याने जुनी आवृत्ती काही महिन्यांत रुसते. एकदा बसवून विसरायची ही गोष्ट नव्हे.

सिग्नलच्या खात्याला फोन नंबर लागतो, त्याचाही घोळ आहे. दिव्यासाठी स्वतंत्र नंबर नोंदवला तर ठीक. तो नाही म्हणून अनेक जण पायला आपल्याच खात्याचं जोड-उपकरण करतात आणि स्वतःलाच निरोप पाठवून दिवा चालवतात. युक्ती झकास वाटते, पण मग आपल्याला येणारा प्रत्येक खासगी निरोप त्या पायवरही उतरतो. एन्क्रिप्शनचं एक टोक आता टेबलाखाली, साध्या मेमरी कार्डावर आहे. टेलिग्रामचं टोकन चोरीला गेलं तर बॉटफादरकडून रद्द करता येतं आणि हातचा जातो फक्त दिवा. इथे मात्र सगळ्या गप्पाच उघड्या पडू शकतात. नंबर वेगळा नसेल, तर दिव्यासाठी सिग्नल मी घेणार नाही.

मॅट्रिक्स, म्हणजे कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकेल असं खुलं चॅट, कागदावर दोघांच्या मधलं आहे: दिव्याला स्वतःचं खातं, अनेक सर्व्हरवर फोन नंबरशिवाय, आणि खोली (तिथला चॅटचा गट) एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड. पण निरोप उलगडणाऱ्या किल्ल्यांचं कोठार हरवलं की बॉट जुने निरोप उलगडू शकत नाही, आणि बऱ्याच बॉटांखाली असलेली लिबओल्म ही एन्क्रिप्शनची लायब्ररी 2024 मध्ये निवृत्त जाहीर झाली. स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर आधीपासून चालवत असाल तर जरूर जा. केवळ दिव्यासाठी हा व्याप नको.

खोलीतल्या दिव्यापुरतं मी टेलिग्राम घेईन. त्याच रिलेवर उद्या दाराचं कुलूप यायचं असेल, तर स्वतंत्र नंबरचं सिग्नल.

काहीही घ्या, शिळ्या निरोपांची काळजी तिन्हीकडे करावी लागते. पाय बंद असताना पाठवलेले हुकूम सर्व्हरवर साचतात, टेलिग्राम ते 24 तासांपर्यंत ठेवतं, आणि वीज परतली की दिवा वेड्यासारखा लुकलुकतो. निरोपावरची वेळ बघून अर्ध्या मिनिटाहून जुना हुकूम टाकून द्यावा. मात्र पाय 4 पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, म्हणून आधी नेटवरून वेळ जुळू द्यावी. काही रिले बोर्ड पायच्या पिनवरचं व्होल्टेज खाली गेल्यावर चालू होतात, तेही प्रोग्राम लिहिण्याआधी बघून घ्या. नाहीतर 'बंद' म्हटलं की दिवा लागेल आणि दोष चॅटवर जाईल.