अकिलीस शस्त्रक्रियेनंतरचा वॉकर बूट: वेजवाला की बिजागरीचा?

अकिलीस टेंडन (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर) शिवल्यानंतर वापरायचे बूट दोन प्रकारचे मिळतात. एकात घोटा ९० अंशांत पक्का असतो आणि टाचेखाली वेज (पाचरीसारखे तुकडे) रचून पंजा खाली झुकवतात. दुसऱ्यात घोट्याशी बिजागरी असते, तिच्या चकतीवर कोन बसवतात. काम दोन्हींचं एकच: पाय टेकवायचा, पण टेंडन ताणू द्यायचं नाही. ते लांबलं, तर जखम छान भरूनही एका पायावर टाच उचलताना जोर मिळत नाही, आणि ही ढिलाई नुसत्या व्यायामाने भरून निघणं कठीण.

वेजवाला बूट साधा, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. दोष वेगळाच आहे. वेजने टाच वर जाते, पण त्यातला बराचसा वाक पायाच्या मधल्या सांध्यांत जिरतो आणि घोटा वाटतो त्याहून कमी झुकतो. बाहेरून हे कळत नाही. बूट घालूनच बाजूने एक्स-रे काढला, तर नडगी आणि टाचेच्या हाडातला खरा कोन दिसतो. वेज पुढे सरकून कमानीखाली आले, तर टाच अधांतरी राहते. वेलक्रो नसलेले वेज म्हणूनच घेऊ नयेत.

कोनाच्या बाबतीत बिजागरीचा बूट सरस. काहींत ७.५, काहींत १० अंशांच्या पायऱ्या असतात. मात्र दोन्ही बाजूंचे आकडे जुळलेच पाहिजेत. एक खाच चुकली की बुटाचा सांगाडा पिळतो. बूट जडही असतो, आणि एक्स-रेत धातूची बिजागरी नेमकी घोट्यावर येते, हा त्याचा खास उपद्व्याप.

घालताना बसून गुडघा वाकवा, म्हणजे पोटरी सैल पडते. टाच मागे, तळाशी भिडवा. आधी घोट्यावरचा पट्टा, मग पंजावरचा, मग पोटरीचे खालून वर. टाच आत उचलली जात असेल, तर कुठलाही कोन फुकट. हवेचे कप्पे बेताने भरा. बोटांना मुंग्या आल्या किंवा टाक्यांवर दाब जाणवला, तर हवा काढा. बुटाचा तळ जाड असल्याने दुसऱ्या पायातही उंच सोलचं पादत्राण हवं, नाहीतर कंबर धरते.

वेज काढणं सहसा एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, एकेक करून, सर्जनच्या वेळापत्रकानेच. दुखत नाही म्हणून दोन एकदम काढणं ही नेहमीची चूक. उलट, एमआरआयमध्ये टेंडन जाड आणि डागाळलेलं दिसलं म्हणून बूट लांबवायचंही कारण नाही; शिवलेलं टेंडन कित्येक महिने तसंच दिसतं. दोन टोकांत फट पडते का, हे पाय हलवून केलेल्या अल्ट्रासाउंडमध्ये जास्त चांगलं कळतं.

पोटरी अचानक सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर दोष पट्ट्यांना देत बसू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सीत.