बीबीसी आयप्लेअरवरचं 'हूनिव्हर्स': थिअऱ्या लढवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच. आणि स्पॉयलर भरपूर आहेत, २०२५ च्या शेवटच्या एपिसोडपर्यंतचे, त्यामुळे ज्यांचं 'डॉक्टर हू' बघायचं बाकी आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी, निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून, म्हणजे टार्डिसमधून, काळात मागेपुढे फिरतो आणि मरायला टेकला की त्याचा चेहरा बदलतो, म्हणजे नवा नट येतो. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली सीरियल १९८९ ला थांबली, मध्ये १९९६ ला एक टीव्ही फिल्म आली आणि २००५ पासून पुन्हा सुरू झाली. आता मला सांगा, जिथे कोणीही कधीही कोणाच्याही चेहऱ्याने परत येऊ शकतं तिथे फॅन लोक गप्प बसतील का? नाव नसलेली बाई स्क्रीनवर दोन सेकंद दिसली की आमच्याकडे तिची जन्मपत्रिका मांडायला घेतात.

तर हूनिव्हर्स म्हणजे बीबीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये, साठ वर्षं पूर्ण होताना, आयप्लेअर या आपल्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर उघडलेलं 'डॉक्टर हू'चं जवळजवळ अख्खं भांडार. आठशेच्या वर एपिसोड, सोबत 'टॉर्चवुड'सारख्या पिलावळ सीरियल, मेकिंगचे एपिसोड, सगळं एका जागी, जाहिरात नाही, वेगळी वर्गणी नाही. फुकट मात्र म्हणू नका. यूकेत टीव्ही बघायला जे टीव्ही लायसन्स काढावं लागतं ते लागतं, २०२५-२६ चं वर्षाचं १७४.५० पौंड, आणि २०१६ पासून आयप्लेअरवर नंतर कधीतरी बघण्यासाठीही ते लागतंच, "आमच्याकडे टीव्हीच नाही" ही सबब चालत नाही. इथे नव्याने आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींना हे माहीत नसतं. आणि हे फक्त यूकेत चालतं, भारतात बसून नाही.

आता रिव्ह्यू नक्की कशाचा, तर मी ही सर्व्हिस एपिसोड बघायला कमी आणि थिअरी तपासायला जास्त वापरते. आमचा ग्रुप आहे, चारपाच मराठी टाळकी, कोणी लेस्टरला कोणी रेडिंगला, आणि माझा मावसभाऊ नाशिकला. कोणी म्हणालं की "ही बाई आधी दिसलीय" की दोन मिनिटांत तो एपिसोड उघडून पॉज करून स्क्रीनसमोर नाक लावून बघता येतं. पूर्वी हे करायला डीव्हीडीचं कपाट लागायचं किंवा ज्याच्याकडे ते आहे असा मित्र.

या सीरियलमध्ये बारकाईने बघणाऱ्याला खरंच काहीतरी मिळतं, म्हणून तर हे व्यसन लागतं. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २०१० चं. 'फ्लेश अँड स्टोन' लावा, मॅट स्मिथ डॉक्टर असतानाचा. दगडी देवदूत डॉक्टरचं जॅकेट पकडतात, तो त्यातून निसटतो, आणि पुढे नुसता शर्ट आणि गॅलिस. त्याची सोबतीण एमी जंगलात डोळे मिटून बसलीय, डॉक्टर तिला सोडून निघून जातो, आणि क्षणभरात परत येऊन तिचा हात हातात घेऊन अगदी हळवेपणाने बोलतो, तू सात वर्षांची असताना मी काय सांगितलं होतं ते आठव म्हणतो. फ्रेम अगदी जवळून घेतलीय, पण नीट बघा, अंगात जॅकेट आहे! मे महिन्यात एपिसोड लागला तेव्हा अर्धे लोक म्हणाले कंटिन्युइटीची चूक, शूटिंगमध्ये घोळ झाला असणार, आणि अर्धे म्हणाले नाही, हा पुढच्या काळातला डॉक्टर आहे. जूनच्या शेवटी 'द बिग बँग' आला आणि दुसरी पार्टी बरोबर निघाली. जॅकेटच्या बाहीवरून कथेचा शेवट ओळखला लोकांनी. त्या दिवसापासून या सीरियलच्या फॅनना चूक ही चूक वाटतच नाही, प्रत्येक चुकीत त्यांना प्लॅन दिसतो, आणि निम्म्या फालतू थिअऱ्यांचं मूळ तिथेच आहे असं माझं ठाम मत.

२०२३ च्या शेवटापासून तर निर्मात्यांनी स्वतःच चारा टाकला. सुझन ट्विस्ट नावाची अभिनेत्री जवळपास दर एपिसोडला वेगळ्या रोलमध्ये. न्यूटनच्या घरची बाई, बीटल्सवाल्या एपिसोडमध्ये चहावाली, 'बूम'मध्ये अ‍ॅम्ब्युलन्सच्या स्क्रीनवरचा चेहरा, 'सेव्हन्टी थ्री यार्ड्स'मध्ये डोंगरावरची वाटसरू, 'रोग'मध्ये तर नुसतं भिंतीवरचं पेंटिंग. ते पेंटिंग शोधायला मी एपिसोड किती वेळा मागेपुढे केला विचारू नका, नवरा म्हणाला तू बघतेयस की तपास करतेयस. तर थिअरी अशी की ही सुझन, म्हणजे डॉक्टरची नात, जिला त्याने १९६४ च्या एपिसोडमध्ये पृथ्वीवर सोडलं आणि परत येईन म्हणून गेला तो गेलाच. फायनलमधल्या तिच्या पात्राचं नाव सुझन ट्रायड, आणि एस ट्रायडची अक्षरं इकडची तिकडे केली की टार्डिस! आम्ही खूश. मग १५ जून २०२४ चा एपिसोड आला आणि त्यात सीरियलमधलीच माणसं हा अक्षरांचा खेळ मोठ्याने बोलून दाखवतात, म्हणजे फॅनना मुद्दाम त्या बाजूला पळवलं होतं, कारण खरी गोम वेगळीच. सुझनचं सू आणि तिच्या टेक्नॉलॉजी कंपनीचं टेक, सू टेक, म्हणजे सुटेख, १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मधला इजिप्शियन देव, आणि आवाज पण तोच, गेब्रियल वुल्फ, ४९ वर्षांनी. मी खरंच टाळ्या वाजवल्या.

इथे आयप्लेअरला पूर्ण मार्क. फायनलच्या दोन भागांच्या मधल्या आठवड्यात त्यांनी 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'ची नवीन इफेक्ट्स घातलेली आवृत्ती आणली, आणि जुने चार भागही होतेच. टॉम बेकर डॉक्टर होता तो जमाना ज्यांनी कधी पाहिला नव्हता त्या आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पंचवीस मिनिटांचा भाग, सेट हलतोय की काय असं वाटतं, पण संवाद आणि वातावरण असं की मधे उठवत नाही.

पण मग पुढच्या शनिवारी फायनल. डॉक्टरची सोबतीण रुबी, तिची आई कोण, हा सीझनभर ताणलेला प्रश्न. चर्चच्या दाराशी बाळ ठेवून जाणारी झग्यातली बाई, मध्येच पडणारा बर्फ, एवढा मोठा देव सुद्धा जिचा चेहरा बघायला तडफडतोय ती बाई. आमच्याकडे थिअऱ्या: रुबीच स्वतःची आई, सुझन, टार्डिस, नदीबाई रिव्हर साँग, काय काय. उत्तर निघालं, एक साधी नर्स, तेव्हा पंधरा वर्षांची पोर होती, बस. डोंगर पोखरून उंदीर! आता साध्या माणसाचं महत्त्व वगैरे मला कळतं, कल्पना वाईट नाही, पण मग तो बर्फ का पडत होता, आणि बाई अंधारात रस्त्याच्या पाटीकडे एवढं नाट्यमय बोट का दाखवते, कोणी बघतच नसताना? याचं जे कारण दिलंय ते मी तीनदा ऐकलं, पटलं एकदाही नाही.

त्याच्या उलट 'सेव्हन्टी थ्री यार्ड्स'. एक म्हातारी कायम त्र्याहत्तर यार्डांवर, म्हणजे साधारण ६७ मीटरवर उभी राहून हातवारे करते, जो तिच्याशी जाऊन बोलतो तो घाबरून पळून जातो. ती नक्की काय बोलते ते सांगितलेलंच नाही. आणि तो एपिसोड अजून डोक्यातून जात नाही. थिअरीवाल्यांना उत्तर न देणं हे कधीकधी उत्तर देण्यापेक्षा बरं असतं राव.

टाइमिंगचं पण सांगते, कारण ते यातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे. २०२४ ला नवीन एपिसोड आयप्लेअरवर शुक्रवारी रात्री बारा वाजता यायचा आणि बीबीसी वनवर शनिवारी संध्याकाळी. म्हणजे मधे पाऊण दिवस इंटरनेट म्हणजे स्पॉयलरचा सडा. नाशिकच्या मावसभावाला तोच एपिसोड हॉटस्टारवर पहाटे साडेचारला, तो पठ्ठ्या अलार्म लावून उठायचा आणि मी झोपेतून उठायच्या आत त्याचा मेसेज, "ताई, फक्त शेवटची पाच मिनिटं बघ, बाकी बोलू नंतर." २०२५ ला वेळ बदलून सकाळी आठ केली, जरा माणसात आले. आणि त्या वर्षीची फायनल तर आधी टाकलीच नाही, संध्याकाळी टीव्हीवर आणि आयप्लेअरवर एकदमच. तेव्हा जे सगळ्यांनी एकत्र बघून एकत्र ओरडण्याचं सुख मिळालं ते आधीच्या वर्षी अजिबात नव्हतं. मला विचाराल तर कायम असंच ठेवा.

एक टीप: सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. नाहीतर क्रेडिट्स सुरू झाल्या झाल्या पुढचा एपिसोड गळ्यात पडतो, आणि या सीरियलमध्ये क्रेडिट्समध्येच माल असतो. १७ मे २०२५ चा गाण्याच्या स्पर्धेचा एपिसोड घ्या, गूढ शेजारीण मिसेस फ्लड म्हणजे जुनी खलनायिका द राणी हे क्रेडिट्सच्या मधल्या सीनमध्ये उघड होतं, आणि तिच्यातून दुसरी राणी बाहेर येते ती आर्ची पंजाबी. आता गंमत बघा, राणी हे पात्र केट ओमाराने १९८५ आणि १९८७ ला केलं, आणि २००५ पासून सीरियलमध्ये कुठलीही गूढ बाई आली की फॅन म्हणायचे "राणी असणार", इतकं की तो एक विनोदच झाला होता. वीस वर्षं चुकत राहिले आणि शेवटी बरोबर आलं! बंद पडलेलं घड्याळ वगैरे म्हणायचा मोह होतोय, जाऊ दे.

पुढे फायनलला तिचं काय झालं ते बघितलंत ना. एवढी वाट बघून आणलेली राणी झटक्यात संपवली. आणि त्याच एपिसोडांच्या आसपास खऱ्या सुझनला, कॅरोल अ‍ॅन फोर्ड, पहिल्या भागातलीच अभिनेत्री, काही सेकंद दाखवलं, सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकवला, आणि मग तो धागा तसाच लोंबकळत. शेवटी डॉक्टर झालेल्या शूटी गात्वाचा चेहरा बदलतो आणि समोर बिली पायपर, जी २००५ ला डॉक्टरची सोबतीण रोझ होती. मावसभावाचा लगेच मेसेज, "ताई, क्रेडिट नीट वाचलंस का?" वाचलं. आधीच्या नटांच्या वेळी 'अ‍ॅज द डॉक्टर' असं लिहायचे, इथे नुसतं नाव. ती डॉक्टर आहे, रोझ आहे, का अजून कोणी, त्या तीन शब्दांच्या नसण्यावर आमचा ग्रुप अजून चालू आहे.

आता तो कापलेला स्टार. या भांडारात पहिलीच गोष्ट नाही. १९६३ चे पहिले चार भाग, 'अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड', लेखकाच्या वारसांबरोबरच्या हक्कांच्या वादामुळे लाँचलाच वगळावे लागले, यादी थेट पुढच्या गोष्टीपासून, म्हणजे डालेक या डॉक्टरच्या यांत्रिक शत्रूंपासून. सुझन कोण, कुठून आली, आजोबांशी कशी वागते, हे सगळं ज्या गोष्टीत आहे नेमकी तीच नाही! आणि आपल्याला जरा जास्त लागावं असं कारण म्हणजे ती दिग्दर्शित केली होती वारिस हुसेन यांनी, जन्म लखनौचा, तेव्हा पंचविशीही उलटलेली नव्हती. त्यांचंच दुसरं काम 'मार्को पोलो', सातातले सहा भाग त्यांचे, ते बीबीसीने त्या काळात टेप पुसल्या त्यात गेलं. एक वादात गेलं, एक पुसण्यात.

पुसलेल्या एपिसोडांवरून तर आमच्यात वेगळीच जमात आहे. २०१३ नंतर वर्षानुवर्षं हरवलेल्या भागांचा आकडा ९७ धरला जायचा. २०१३ ला नायजेरियात जोस शहरात नऊ भाग सापडले तेव्हा जवळपास सगळेच सापडलेत, बीबीसी दाबून बसलीय, अशी अफवा इतकी पिकली की आकडे, गोदामं, सगळं लोक छातीठोकपणे सांगायचे. निघाले ते नऊच. पण एक गोष्ट खरी, साठच्या दशकात पोरांनी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर धरून ठेवले म्हणून हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी शिल्लक आहे, आणि त्यावरच बेतून काहींचं अ‍ॅनिमेशन झालंय. ते बघा, 'पॉवर ऑफ द डालेक्स' पासून सुरू करा.

घ्यायचं का? यूकेत असाल आणि लायसन्स आधीच भरताय तर प्रश्नच नाही. नवखे असाल तर २००५ पासून क्रमाने, 'बॅड वूल्फ' हे दोन शब्द कुठे कुठे लिहिलेत ते शोधत, कार्डिफवाल्या एपिसोडमध्ये ते वेल्श भाषेत आहेत एवढं सांगते, बाकी तुम्ही शोधा. डिस्नेबरोबरचा करार संपलाय, २०२६ च्या ख्रिसमसला स्पेशल येणार असं बीबीसीने जाहीर केलंय, तोवर आमच्या ग्रुपमध्ये बिली पायपर म्हणजे टार्डिसच, या पार्टीचं सध्या बहुमत आहे. मी विरोधी बाकावर.